बिननावाची जुनी सेलिंग डिंगी: ती नेमकी कुठली हे शोधायचं कसं

सेकंडहँड डिंगी, म्हणजे छोटी शिडाची होडी, घेतली की बऱ्याचदा चित्र असंच असतं. होडी बरी आहे, तळ शाबूत वाटतोय, सोबत एक डोलकाठी, दोन शिडं आणि दोऱ्यांचा मोठा गुंता मिळालाय, पण नाव नाही, नंबर नाही, कंपनीची पट्टी नाही, आणि विकणाऱ्याला विचारलं तर तो म्हणतो मी पण अशीच घेतली होती. घरी आणल्यावर दोन दिवस कौतुकात जातात आणि मग पहिल्यांदा शीड चढवायला बसलं की कळतं, कुठली दोरी कुठून जाते हेच माहीत नाही, सुकाणू अडकवायची एक कडी तुटलीये ती कुठल्या मापाची आणायची ते माहीत नाही, आणि दुकानदाराचा पहिला प्रश्नच हा असतो की बोट कुठली आहे. म्हणजे नाव शोधणं ही हौस नाही, पुढची सगळी कामं त्यावर अडलेली असतात.

सुरुवातीलाच एक गोष्ट सांगतो, बाकी सगळं तिच्याभोवतीच फिरतं. डिंगीचं फक्त हल विश्वासाचं, म्हणजे होडीचं रिकामं अंग. शीड, डोलकाठी, बूम म्हणजे शिडाच्या खालच्या कडेची आडवी काठी, सुकाणू, तळातल्या फटीतून पाण्यात सोडायची फळी हे सगळं पन्नास वर्षांत एका होडीवरून दुसरीवर गेलेलं असू शकतं, आणि जातंच. लोक शिडावरचं चिन्ह बघतात, नेटवर टाकतात, उत्तर मिळालं म्हणून खूश होतात आणि चुकीचे पार्ट मागवतात. शिडाचं ऐकायचं, पण हलने दुजोरा दिला तरच.

आधी फोटो, मग पाणी

होडी आली की धुवायला, घासायला, सँडपेपर मारायला हात शिवशिवतात. थांबा. जुन्या रंगात, मळात, चिकटपट्टीच्या खुणांत बरीच माहिती असते आणि ती एकदा घासली की गेली. आधी आहे तशा अवस्थेत फोटो काढा: बाजूने, मागून, पुढून, वरून, उलटी करून खालून. मोबाईल जवळ धरून काढू नका, जवळून काढलं की पुढचं टोक अवाढव्य आणि मागचा भाग बारीक दिसतो आणि आकाराचा अंदाजच चुकतो, त्यापेक्षा दहा-बारा पावलं मागे जा, होडीच्या मध्यावर उभे राहा, फोन होडीच्या कडेच्या उंचीवर धरा आणि झूम करा. प्रत्येक फोटोत एक टेप किंवा मीटरपट्टी दिसू द्या.

अजून एक, जुन्या रंगात शिसं असू शकतं. त्यामुळे नंबर शोधायच्या नादात कोरडं घासकाम नको, करायचंच तर ओलं करून आणि मास्क लावून.

नंबर कुठे कुठे लपतो

"काहीच नंबर नाही" असं म्हणणाऱ्या दहातल्या बऱ्याच होड्यांवर नंबर असतो, तो दिसेल अशा जागी नसतो एवढंच. क्रमाने बघा.

पहिली जागा ट्रान्सम, म्हणजे मागची सपाट फळी. तिच्या बाहेरच्या अंगाला उजव्या बाजूचा वरचा कोपरा. होडीत बसून पुढे बघितल्यावर जी उजवी तीच, आणि मागे उभं राहून होडीकडे बघितलं तरी तीच बाजू उजवी येते. अमेरिकेत १ नोव्हेंबर १९७२ पासून बनलेल्या बोटींवर इथे बारा अक्षरी हल नंबर असावा लागतो. पहिली तीन अक्षरं बनवणाऱ्याचा कोड, पुढची पाच अनुक्रमांक, शेवटची चार तारखेची. आधी तारीख लिहायच्या एकाहून जास्त पद्धती होत्या, १९८४ पासून एकच राहिली: महिन्याचं अक्षर, मग वर्षाचा शेवटचा आकडा, मग मॉडेल वर्षाचे दोन आकडे. महिन्यात ए म्हणजे जानेवारी, बी म्हणजे फेब्रुवारी, असं एल पर्यंत. म्हणजे शेवटी "सी ९ ९०" दिसलं तर मार्च १९८९ मध्ये बनलेली, १९९० चं मॉडेल. ऑगस्ट १९८४ नंतरच्या अमेरिकन बोटींत हाच नंबर दुसऱ्या एका लपलेल्या जागीही असतो, त्यामुळे ट्रान्समवरचा घासला गेला असेल तरी आत कुठेतरी, एखाद्या फिटिंगखाली, सापडू शकतो. युरोपात हा नियम १९९८ पासून सक्तीचा झाला, तिथल्या नंबरात सुरुवातीला देशाची दोन अक्षरं वाढतात, बाकी रचना तीच. बनवणाऱ्यांच्या तीन अक्षरी कोडची यादी नेटवर शोधता येते, तो सापडला की अर्धं काम झालं. अमेरिकन नंबरात पहिली दोन अक्षरं एखाद्या राज्याची आणि तिसरं झेड असेल तर ती बहुतेक घरी बनवलेली किंवा राज्याने नंतर नंबर दिलेली होडी आहे.

पण तुमची होडी १९७२ आधीची असेल तर यातलं काहीच नसणार, आणि खऱ्या जुन्या डिंग्या तशाच असतात. लाकडी होडीत मग आतला मधला कणा बघा, तळाच्या बरोबर मधून पुढे-मागे जाणारी लाकडी पट्टी. क्लास म्हणजे एकाच डिझाईनच्या किंवा एकाच नियमांत बसणाऱ्या होड्यांचा गट, आणि ब्रिटिश क्लासच्या बऱ्याच लाकडी होड्यांत शिडाचा नंबर तिथे, फळीच्या खोक्यावर, बसायच्या आडव्या फळीवर किंवा ट्रान्समच्या आतल्या बाजूला कोरलेला असतो. वर व्हार्निशचे आणि रंगाचे इतके थर बसतात की सरळ बघितलं तर काही दिसत नाही. रात्री किंवा अंधाऱ्या शेडमध्ये टॉर्च पृष्ठभागाला अगदी चिकटवून तिरपा धरा, कोरलेल्या भागाच्या सावल्या उठतात. तरीही वाचता येत नसेल तर पातळ कागद ठेवून मऊ पेन्सिल आडवी फिरवा, नाण्याचा छाप काढतो तसं.

फायबरच्या होडीत पडलेल्या स्टिकरची भुतं शोधा. स्टिकरखालचा जेलकोट, म्हणजे फायबरवरचा बाहेरचा चकचकीत थर, उन्हापासून वाचलेला असतो, त्यामुळे स्टिकर निघून वर्षं झाली तरी अक्षरांच्या जागी रंग किंचित गडद राहतो. ओल्या फडक्याने पुसून तिरप्या उजेडात फोटो काढा आणि फोनमध्येच कॉन्ट्रास्ट वाढवा. तसंच चौकोनात चार बारीक भोकं दिसली तर तिथे कधीतरी बनवणाऱ्याची किंवा क्लासची पट्टी होती, म्हणजे होडी घरगुती असण्याची शक्यता कमी झाली. लेझरसारख्या क्लासच्या होडीत हल नंबर आणि शिडाचा नंबर एकच असतो, जुन्यांत तो पुढच्या टोकाच्या कडीखाली डेकमध्ये, म्हणजे होडीच्या वरच्या पृष्ठभागात, उठवलेला आणि नंतरच्यांत ट्रान्समवर.

मोजणी: इथे घाई केली तर पुढचं सगळं वाया

टेप होडीच्या कडेवरून वळवत लांबी घेतली तर ती खोटी येते, कारण कड बाहेर फुगलेली असते. होडी सपाट जमिनीवर लेव्हल करा, ओळंबा म्हणजे दोरीला वजन बांधून पुढच्या सगळ्यात पुढच्या बिंदूवरून खाली सोडा, जमिनीवर खूण करा, मागच्या सगळ्यात मागच्या बिंदूवरून तसंच करा, आणि दोन खुणांमधलं सरळ अंतर घ्या. सुकाणू, त्याच्या कड्या, पुढची लोखंडी कडी यातलं काही धरायचं नाही. रुंदी सगळ्यात रुंद जागी, आणि ती दोनदा लिहा, एकदा बाहेरची रबर किंवा लाकडी पट्टी धरून आणि एकदा न धरता, कारण वेगवेगळ्या क्लासच्या कागदात वेगवेगळी धरलेली असते.

मग हे पण घ्या: ट्रान्समची रुंदी वर आणि खाली, मधली खोली, पुढच्या टोकापासून डोलकाठीच्या पायापर्यंतचं अंतर, पुढच्या टोकापासून फळीच्या फटीच्या पुढच्या कडेपर्यंतचं अंतर, फटीची लांबी, आणि सुकाणूच्या दोन कड्यांमधलं अंतर. लांबी-रुंदी दोन होड्यांची सारखी असू शकते, पण ही पाच-सहा मापं सगळी जुळणाऱ्या दोन वेगळ्या डिझाईन सहसा नसतात.

सेंटीमीटरमध्ये आलेलं माप फूट-इंचातही करून बघा. ब्रिटिश आणि अमेरिकन डिझाईन फुटात विचार करून काढलेल्या असतात, ४.२७ मीटर हा विचित्र आकडा वाटतो पण ते बरोबर १४ फूट आहेत, ३.६६ म्हणजे १२ फूट, ४.५७ म्हणजे १५ फूट. उलट माप मीटरमध्ये गोल येत असेल तर युरोपच्या मुख्य भूमीकडे बघा, तिथे तर होडीचं नावच लांबीवरून ठेवलेलं सापडतं: ४२० ही ४.२० मीटर, ४७० ही ४.७०, ५०५ ही ५.०५.

वजन पण करा, दोन वजनकाटे पुढे-मागे लाकडाच्या ठोकळ्यांवर ठेवून होडी लेव्हल ठेवली की दोन्ही आकड्यांची बेरीज म्हणजे वजन. ऑप्टिमिस्टचं रिकामं हल ३५ किलो, लेझर ५९, ४७० ची होडी १२०, वेफेअरर १७० च्या आसपास. मात्र हा आकडा एकाच दिशेने वापरायचा. जुनं प्लायवूड आणि टाक्यांतला फोम पाणी पितो, वर रंगाचे थर, त्यामुळे क्लासच्या वजनापेक्षा दहा-वीस किलो जास्त भरली तर नाव खोडू नका. पण तेवढीच कमी भरली तर खोडा, म्हातारपणी होड्या बारीक होत नाहीत.

आकार वाचायचा कसा

होडी उलटी करा आणि मध्यावरचा काप डोळ्यासमोर आणा. तळ आणि बाजू यांच्यामध्ये धारदार कड आहे का? तिला चाईन म्हणतात. कडच नसेल, सगळं गोलाईत वळलं असेल, तर गोल तळाची होडी: लेझर, ४२०, ४७०, ५०५, फिन, फायरफ्लाय, अल्बाकोर, फ्लाईंग ज्युनिअर अशी ही मंडळी. प्रत्येक बाजूला एकच कड असेल तर स्नाईप, ओके, कॅडेट, मिरर, सनफिश. दोन कडा असतील तर एन्टरप्राईज, वेफेअरर. हाताने चाचपून बघा, रंगाच्या थरांत कड बोथट झालेली असते आणि नुसत्या डोळ्याला गोल भासते.

पुढे पुढचं टोक. टोकदार आहे की चौकोनी तोंडाची, जिला प्रॅम म्हणतात? प्रॅम निघाली तर यादी झटकन आखडते. ऑप्टिमिस्ट सगळ्यात छोटी, २.३ मीटरच्या आसपास, १९४७ साली क्लार्क मिल्सने फ्लोरिडात काढलेली, एकाच मुलासाठी. कॅडेट ३.२२ मीटर, जॅक होल्टची, १९४७ चीच. मिरर ३.३० मीटर, जॅक होल्ट आणि बॅरी बकनेल यांची, १९६२ चं डिझाईन, एका ब्रिटिश वर्तमानपत्राने पुढे आणलेली, सत्तर हजारांहून जास्त बनल्यात त्यामुळे बिननावाची प्रॅम सापडली तर पहिला संशय तिच्यावरच घ्यावा. फायरबॉलचं तोंडही बोथट चपटं असतं पण ती ४.९३ मीटरची लांबलचक, गोंधळ व्हायचं कारण नाही.

फळी कशी आहे तेही बघा. वरून सरळ खाली खुपसायची असेल तर डॅगरबोर्ड, तिची फट आखूड. खिळीवर फिरून आत-बाहेर होणारी असेल तर सेंटरबोर्ड, तिचं खोकं लांब आणि बाजूला खिळीचा बोल्ट. फळी स्वतः हरवलेली असली तरी फट खरं सांगते.

आणि भोकं. बुजवलेली, रंगवलेली, लाकडी डट्टा मारलेली सगळी जुनी भोकं टिपून ठेवा. आज एखादी कडी जिथे आहे ती आधीच्या मालकाच्या डोक्यातून आलेली असू शकते, पण दोन्ही बाजूंना बरोबर समान अंतरावर असलेली जुनी भोकं मूळ मांडणी सांगतात. शीड ओढायची मुख्य दोरी मागून येत होती की मधून, ट्रॅपीझच्या (लटकून होडीबाहेर झुकायच्या) तारा होत्या का, स्पिनाकर म्हणजे पुढच्या फुगीर जादा शिडाच्या दोऱ्यांच्या कप्प्या होत्या का, हे सगळं भोकांवरून कळतं.

कशाची बनलीये, आणि साधारण कधीची

यात फार वेळ घालवायची गरज नाही. आत डेकखाली हात घालून बघा: खरखरीत, कापडाच्या विणीसारखं किंवा तुकडे-तुकडे दाबल्यासारखं लागलं तर फायबरग्लास. नखाने ओरखडा काढल्यावर मेणासारखं वाटलं आणि कुठलाच गोंद धरत नसेल तर प्लास्टिक, आणि मग होडी तुलनेने अलीकडची. टॉपर १९७७ ची, ३.४० मीटर, पॉलिप्रॉपिलीनची, ती या घरातली थोरली. फळ्यांवर फळ्या चढवून तांब्याच्या खिळ्यांनी शिवलेली असेल तर क्लिंकर. गोल तळ आहे, लाकूड आहे, पण फळ्यांचे सांधे दिसत नाहीत, पातळ लाकडाचे तिरपे पट्टे एकमेकांवर चिकटवलेत, तर मोल्डेड प्लाय, दुसऱ्या महायुद्धानंतर फेअरी मरीन या ब्रिटिश कंपनीने विमानांच्या कामातून आलेली ही पद्धत होड्यांना लावली आणि उफा फॉक्सची फायरफ्लाय १९४६ साली तशीच आली. आणि प्लायवूडच्या सांध्यांवर आतून फायबरची पट्टी, अधेमधे तांब्याच्या तारेचे हिरवट ठिपके दिसले तर टाके घालून चिकटवलेली, म्हणजे मिररच्या काळातली किंवा नंतरची.

वयाचा अंदाज जोडसामानावरून करतात पण जपून. तपकिरी टफनॉलच्या (राळेत दाबलेल्या कापडाच्या) कप्प्या, पितळी कड्या, लाकडी डोलकाठी हे पन्नास-साठच्या दशकाकडे बोट दाखवतं. बूमला जोडणारी पिन चौकोनी असेल तर शीड बूमभोवती गुंडाळून लहान करायची जुनी पद्धत होती. सुती शीड असेल तर पन्नासच्या दशकाच्या मध्याआधीचं असायची शक्यता, त्यानंतर पॉलिस्टर आलं. मात्र नियम एवढाच की होडी तिच्यावरच्या सगळ्यात नव्या वस्तूपेक्षा जुनी असू शकते, आणि सगळ्यात जुन्या वस्तूपेक्षा नवीही, कारण काटकसरी मालक जुन्या होडीच्या कप्प्या नवीवर लावतातच.

आता शिडाचं ऐका

चिन्ह सगळ्यात वर, मोठ्या शिडाच्या टोकाजवळ असतं. स्नाईपवर पक्षी, जीपी १४ वर घंटा, फिनवर दोन निळ्या लाटा, फायरबॉलवर भरीव गोळा, लायटनिंगवर विजेचा कडाका, लेझरवर किरणं फुटलेला तारा, वेफेअररवर डब्ल्यू, ऑप्टिमिस्टवर आय आणि ओ एकत्र. रंगही बोलतो, लाल शिडं म्हटलं की मिरर आणि फिकट निळी म्हटलं की एन्टरप्राईज. चिन्ह निघालं असेल तर शीड उजेडासमोर धरा, शिवणीची भोकं किंवा गोंदाचा डाग राहिलेला असतो.

नंबराआधीची अक्षरं देश सांगतात. जुन्या शिडांवर एकच अक्षर असायचं, के ब्रिटनचं, एफ फ्रान्सचं, जी जर्मनीचं, एच हॉलंडचं, नंतर तीन अक्षरी कोड आले. म्हणजे नुसतं के असलेलं शीड हे जुनं शीड. मोठा नंबर म्हणजे क्लास लोकप्रिय, पाच आकडी नंबर एखाद्या दुर्मिळ डिझाईनचा सहसा नसतो.

मग शीड खरंच या होडीचं आहे का ते तपासायचं. डोलकाठी उभी करा, शीड चढवा, बूम लावा. शिडाची पुढची कड डोलकाठीवरच्या खुणांच्या पट्ट्यांमध्ये बसते का? बूमच्या मागे शीड उरतं का, किंवा वीतभर अपुरं पडतं का? बूम माणसाच्या डोक्यावरून जाते की बसायच्या फळीला घासते? यातलं एकही बिनसलं तर शीड किंवा डोलकाठी पाहुणी आहे. डोलकाठीचा पाय काढून तळ बघा, बुडाच्या तुकड्यावर बऱ्याचदा बनवणाऱ्याचं नाव असतं, पण ते डोलकाठीच्या कंपनीचं, होडीच्या नाही, हे विसरून कितीतरी लोक भलत्याच नावामागे लागतात.

शिडाची पद्धत मात्र हलवरूनही कळते. बाजूच्या तारांसाठी कड्या किंवा त्यांची भोकं कुठेच नसतील आणि डेकमध्ये खोल गोल भोक असेल तर डोलकाठी बिनतारेची, म्हणजे लेझर, फिन, ओके, सनफिश या बाजूला. डोलकाठी आखूड आणि तिच्यासोबत वर सरकणारी दुसरी काठी असेल तर गंटर, म्हणजे मिरर किंवा हेरॉन. दोघींत फरक सोपा, हेरॉन ३.४३ मीटरची आणि टोकदार तोंडाची.

जुळ्या होड्या

आता खरी मजा. मापं घेतली, नेटवरच्या होड्यांच्या डेटाबेसमध्ये टाकली, आणि चार नावं आली, कारण काही लांब्यांवर गर्दीच आहे.

४ मीटरच्या आसपासचं उदाहरण घ्या. एन्टरप्राईज ४.०४, फ्लाईंग ज्युनिअर ४.०३, ओके ४.००. टेपवर तुम्ही यांच्यात फरक करूच शकणार नाही, रबरपट्टी झिजली तरी तेवढा फरक पडतो. पण उलटी केल्यावर प्रश्न मिटतो: दोन चाईन म्हणजे एन्टरप्राईज, गोल तळ म्हणजे फ्लाईंग ज्युनिअर, एक चाईन म्हणजे ओके. वरून पण जुळायला हवं, ओके एका माणसाची, एकच शीड, तारा नाहीत. एन्टरप्राईजला दोन शिडं पण स्पिनाकर नाही आणि ट्रॅपीझ नाही, तेव्हा त्यांची मूळ भोकं दिसली तर पुन्हा विचार करा.

लेझर आणि सनफिशचं तसंच. लेझर ४.२३, सनफिश ४.१९, दोन्ही चपट्या, दोन्हींना डॅगरबोर्ड, दोन्हींच्या डेकमध्ये डोलकाठीचं भोक. पण लेझरचा तळ गोल, रुंदी १.३७ च्या पुढे, सनफिशला स्पष्ट चाईन आणि रुंदी १.२४ च्या आसपास, बसायचा खड्डा पण छोटा. सनफिशचं शीड तिरप्या दोन काठ्यांमधलं, लॅटीन पद्धतीचं. इथे अजून एक भानगड म्हणजे सनफिशच्या नकला खंडीभर निघाल्या, त्यामुळे सगळं सनफिशसारखं पण मापात पाच-सात सेंटीमीटर फरक आला तर नक्कल समजा, जबरदस्तीने सनफिश म्हणू नका, डॅगरबोर्ड बसणार नाही.

स्नाईप ४.७२ आणि ४७० ही ४.७०. स्नाईप १९३१ ची, विल्यम क्रॉस्बीची, चाईनवाली, डॅगरबोर्डवाली. ४७० आंद्रे कॉर्नूची १९६३ ची, गोल, सेंटरबोर्ड, ट्रॅपीझ, स्पिनाकर. एकदा बघितल्या की पुन्हा चुकायच्या नाहीत.

सगळ्यात त्रासदायक १४ फूट. जीपी १४, इंटरनॅशनल १४, मर्लिन रॉकेट, सगळ्या १४ फुटी, आणि यातल्या शेवटच्या दोघींत तर ठराविक मर्यादेत डिझाईन बदलायची मुभा असते, म्हणजे एकाच क्लासच्या दोन होड्या एकमेकींसारख्या दिसतीलच असं नाही. १२ फुटांत फायरफ्लाय आणि नॅशनल १२ चं हेच, फायरफ्लाय सगळ्या एका साच्याच्या आणि नॅशनल १२ प्रत्येक वेगळी. अशा ठिकाणी चित्राशी चित्र जुळवत बसू नका, नियमांची मर्यादा बघा.

खात्री करायची शेवटची पायरी

दोन-तीन नावं उरली की त्या क्लासच्या संघटनेच्या साईटवर जाऊन नियमांचं पुस्तक उतरवा, बहुतेक क्लासचं फुकट मिळतं. त्यात मोजमापाचा फॉर्म असतो, कुठून कुठे मोजायचं आणि किती फरक चालतो हे मिलिमीटरमध्ये लिहिलेलं असतं. तुमची सगळी मापं त्यात बसवा. एखादं बसलं नाही तर होडी वाकली असेल किंवा दुरुस्त झाली असेल, तीन-चार बसली नाहीत तर नाव चुकलं.

मग विचारा. पण "ही कुठली बोट?" आणि एक फोटो असं टाकलंत तर दहा जण दहा नावं सांगतील. लांबी, रुंदी, चाईन किती, फळी कुठली, तारा आहेत की नाहीत, मटेरियल, आणि तुम्ही कुठली नावं का खोडलीत हे लिहा. जाणकार माणूस खोडलेल्या नावांवरूनच उत्तर देतो. क्लासच्या संघटनेकडे जुन्या नंबरांची नोंदवही असते, हलवर कोरलेला नंबर मिळाला असेल तर बनवणारा, वर्ष, कधीकधी मूळ नावही मिळून जातं. त्याच ओघात होडी चोरीची नाही ना हेही कळतं, आणि विकणाऱ्याकडून सही केलेली पावती घेतली नसेल तर आता घ्या.

काहीच जुळत नसेल तर होडी घरगुती असायची दाट शक्यता. एक सोपी परीक्षा आहे: पुढच्या टोकाच्या मध्यबिंदूपासून ट्रान्समच्या दोन्ही वरच्या कोपऱ्यांपर्यंत अंतर मोजा. कारखान्यातल्या साच्याच्या होडीत दोन्ही आकडे जवळजवळ एक येतात, घरी बांधलेलीत दोन-तीन सेंटीमीटर फरक सहज असतो. आत फळ्यांवर पेन्सिलीच्या रेघा, एकाच ठिकाणी तीन प्रकारचे स्क्रू, बाजारी प्लायवूडचा शिक्का हेही दिसेल. याचा अर्थ होडी वाईट असा नाही, घरगुती होड्या कित्येकदा जास्त प्रेमाने बांधलेल्या असतात. फक्त मग तिच्या जवळच्या मापाच्या, तशाच तळाच्या क्लासचं शीड घ्यायचं, आणि पहिल्यांदा थोडं लहानच घ्यायचं. वाऱ्यात सुकाणू सोडल्यावर होडी हळूच वाऱ्याकडे वळली तर शीड आणि फळीचं जमलंय, वाऱ्यापासून लांब पळायला लागली तर डोलकाठी मागे झुकवा किंवा पाय मागे घ्या.

नाव नक्की झालं तरी पार्ट मागवताना नावावर विसंबू नका. एकाच क्लासमध्ये लाकडी आणि फायबरच्या होड्यांच्या कड्या वेगळ्या, जुन्या आणि नव्या मॉडेलच्या वेगळ्या. सुकाणू मागवायचा तर कड्यांमधलं अंतर, पिनची जाडी आणि वरची पिन लांब की खालची हे तिन्ही कळवा. फळी मागवायची तर फटीत पुठ्ठा घालून त्याचा साचा कापा, पूर्ण खोलीपर्यंत, कारण जुनी खोकी आत फुगतात आणि तोंडाशी बरोबर बसणारी फळी मध्यावर जाऊन अडकते.